त्रेचाळीसच्या खाली

सव्वादोन वाजता चेतना पाटीलच्या टेबलावरचा फोन थरथरला. संदेश तिचाच होता. म्हणजे मार्चमध्ये तिनेच लिहून संगणकात भरून ठेवलेला, आपोआप जाणारा. ‘तापमान ४३ अंशांच्या वर. उघड्यावरची सर्व कामे चार वाजेपर्यंत बंद ठेवावीत.’

डबा खाताखाता तिने तो वाचला. कोरीट रस्त्यावरच्या हवामान केंद्राचा आकडा होता. चव्वेचाळीस पॉइंट तीन. एक वाजता पाहिला तेव्हा तो चाळीस पॉइंट सहा होता.

आज उशिरा तापलं, एवढंच तिच्या मनात आलं. तिने वांग्याच्या भाजीचा शेवटचा घास घेतला आणि डबा धुवायला उठली.

पावणेतीनला दुसरा फोन आला.

“चेतना मॅडम, डॉक्टर आयुषी बोलतेय. एक बाई आणली होती. पुखराजशेठच्या मिरची वाळवायच्या पथारीवरून. गेली.”

“कशानं?”

“अंगात एकशे आठच्या वर ताप. घामाचा थेंब नाही. उष्माघात, दुसरं काही नाही.”

“किती वाजता आणली?”

“दोनला पाच कमी असताना. पडली दीडच्या आधी. आणि तुमचा इशारा आला सव्वादोनला.” डॉक्टर आयुषी थांबली. “मॅडम, आमच्या दवाखान्याच्या आवारात साधा तापमापक टांगलाय. एक वाजता तो चव्वेचाळीस दाखवत होता. तुमचं केंद्र काय दाखवत होतं?”

“चाळीस पॉइंट सहा.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“अजून एक,” डॉक्टर म्हणाली. “बरोबर आलेल्या सगळ्या बाया डोक्याला-तोंडाला फडकी गुंडाळून होत्या. मिरचीच्या ठसक्यामुळे बांधतात तशा. हिच्या डोक्यावर काहीच नव्हतं. भर उन्हात उघड्या डोक्यानं बसली होती की काय, कोण जाणे.”

चेतनाने उष्माघाताचा तक्ता उघडला. मोगीबाई दिवाल्या वसावे. वय बत्तीस. राहणार काठी गावाजवळचा पाडा. सगळे रकाने भरून झाले. मग ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आता काहीतरी वाटेल, असं तिला वाटत होतं. काही वाटलं नाही. पंखा फिरत होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी झेरॉक्ससाठी कागद मोजत होतं.

जिल्ह्याचा उष्मा आराखडा तिने दोन वर्षं खपून तयार केला होता. हवा बदलत चाललीय, उन्हाळा लांबतोय, तर जिल्ह्यानं तयारीत राहायला हवं, म्हणून. कोणत्या गावाला किती झळ बसेल, पाणपोया कुठे, थंड खोल्या कुठे, सगळं त्यात होतं. यंदाच्या सात एप्रिलपासून त्यातला पहिला नियम लागू झाला होता. जवळच्या केंद्राचा आकडा दुपारी बारा ते चारच्या दरम्यान त्रेचाळीसवर गेला, की उघड्यावरचं काम बंद.

पाच वाजता उपजिल्हाधिकारी नवनीत देवरेंनी तिला आत बोलावलं.

“यंत्र बिघडलं, की बिघडवलं?”

“माहीत नाही सर.”

“पुखराजशेठ म्हणतो, इशारा आला नाही, मग मी काम कशाला बंद ठेवू? कागदावर त्याचं बरोबर आहे. पण फायदा झाला तर त्यालाच झाला असणार. केंद्राची चावी लोटन महाजनकडे असते. त्याला मी आजच कामावरून थांबवलंय. अठ्ठावीसला अकरा वाजता सगळ्यांना बोलावतो. यंत्र बिघडवलं असेल तर त्याच दिवशी पोलिसांत देऊ.”

“दोन दिवस आहेत.”

“पुरेत,” देवरे म्हणाले.

रात्री चेतनाला गाढ झोप लागली. सकाळी उठल्यावर तेच तिला जरा विचित्र वाटलं.

* * *

सव्वीस तारखेला सकाळी आठलाच तिने एप्रिलचे आकडे काढले.

सात, आठ, नऊ. तीनही दिवस आकडा त्रेचाळीसवर, इशारा गेला, काम बंद. दहा तारखेला मध्येच एक खड्डा, अर्ध्या तासाचा. अकरापासून रोज एकच तऱ्हा. सकाळपासून आकडा नीट चढत यायचा, बाराला बेचाळीसच्या पुढे पोचायचा आणि मग दोन-तीन अंशांनी खाली यायचा. चार वाजेपर्यंत तो चाळीसच्या आसपास. चारनंतर पुन्हा वर.

दोन दिवस मात्र असं झालं नव्हतं. सतरा आणि बावीस. त्या दिवशी आकडा सरळ वर गेला होता आणि इशाराही गेला होता.

शेवटी पंचवीस. बाराला खाली. दीडपर्यंत खालीच. पावणेदोनपासून चढायला लागला आणि सव्वादोनला चव्वेचाळीस पॉइंट तीन.

तिने शेजारचा रकाना पाहिला. हवेतला ओलावा. पंचवीस तारखेला साडेअकराला अकरा टक्के. साडेबाराला अडतीस. सव्वादोनला पुन्हा दहा.

ढग नव्हते, पाऊस नव्हता. चेतनाने अडतीसभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि जीप मागवली.

लोटन महाजन घराच्या ओट्यावर बसला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. ग्रामपंचायतीचा पंप चालवायचा, केंद्राची राखण हे जोडकाम. चेतनाला पाहताच तो धडपडत उठला.

“बसा दादा. चावी कोनाजोडे ऱ्हास?”

“मन्हाजोडे. दुसरी तुमना हापिसमा शे.”

“कुलूप शेवटलं कव्हय उघाडं?”

“दहा तारखेले. यंत्रन्या बशा धुवाले. धूळ बसस ना, महिनामा एकदाव धुनी पडस.”

“कितला वाजता?”

“दुपारनी येळ व्हती. पानी टाकं आन् समोरला फळावरला आकडा धाडकन खाले उना. त्रेचाळीसना एकोनचाळीस! पथारीवरल्या बाया दखी ऱ्हायन्या व्हत्यात. लई हासन्यात.”

“मंग?”

“मंग काय, अर्धा तासमा परत चढना. त्यानंतर कुलूपले मी हात लायेल नई, ताई. मन्ही पोरनी आन.” त्याने गळ्याला चिमूट लावली. “तुम्हीन माले काढी टाकं. गावमा लोके म्हनतंस, लोटननी बाई मारी टाकी.”

चेतना त्याच्याकडे पाहत राहिली. धीराचे दोन शब्द बोलायला हवे होते. ते सुचेनात.

“चला, दखाडा माले,” एवढंच ती म्हणाली.

केंद्र पथारीच्या हद्दीपासून तीसेक पावलांवर होतं. चारी बाजूंनी छातीच्या वर उंच तारेची जाळी, आत एक खांब, खांबावर फिरणाऱ्या वाट्या आणि त्यांच्या खाली एकावर एक उपड्या ठेवलेल्या पांढऱ्या बशा. तापमान मोजायचं उपकरण त्या बशांच्या आत असतं. रस्त्याच्या कडेला उंच फळा, तांबडे आकडे लुकलुकणारा. मजुरांना काम करताना दिसावा म्हणून त्याचं तोंड पथारीकडे होतं.

कुलपावर धूळ साचली होती आणि कडीपासून फाटकापर्यंत कोळ्याचं जाळं होतं. कित्येक दिवसांत ते कुणी उघडलेलं नव्हतं.

मग ती कुंपणाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे जाळीचा खालचा काठ उचललेला होता आणि त्याखालची माती खरवडून काढली होती. फट दीड वीत असेल. चेतना जमिनीवर पालथी झाली, डोकं आत घातलं. खांदे अडकले. लोटन वरून चकित होऊन बघत होता. ती मागे सरकली, कपडे झटकले आणि दुसऱ्या चावीने फाटक उघडून आत गेली.

खालच्या तीन-चार बशांच्या कडांना तांबूस बोटं उमटली होती. तिने अंगठ्याने एक डाग पुसला. मग सवयीने घाम टिपायला हात डोळ्याशी नेला आणि डोळा पेटला. तिखट. डोळ्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“रडू नका ताई,” लोटन म्हणाला.

“रडत नाही मी,” ती म्हणाली. ते खरंच होतं.

पाण्याने डोळा धुतल्यावर तिला ते दिसलं. मागच्या जाळीबाहेर बाभळीच्या काट्यांत एक कापड अडकलं होतं. जुन्या हिरव्या लुगड्याचा चौकोनी तुकडा. उन्हात वाळून तो पापडासारखा कडक झाला होता. कडेला लाल दोऱ्याची शिवण. चेतनाने तो काढला, घडी न मोडता पाकिटात घातला आणि पाकिटावर तारीख टाकली.

* * *

पथारी म्हणजे उघडं माळरान, त्यावर नजर पोचेल तिथवर अंथरलेली लाल मिरची. हंगाम संपत आला होता, तरी दोन-तीन एकर माल पसरलेला होता. एका बाजूला चाळीसेक बाया बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. सगळ्यांची डोकी-तोंडं बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. चेतना जवळून गेली तेव्हा कुणी वर पाहिलं नाही.

पुखराजशेठ काचेच्या खोलीत कूलरसमोर बसले होते. साठी उलटलेली, गुडघ्यांना पट्टे.

“या मॅडम, बसा. पानी लाव रे कोई!”

“तुम्ही फळा हलवायचा अर्ज दिला होता?”

“दिला होता. दिवसभर बायांचं लक्ष आकड्याकडे, हात थांबतात. पण अर्ज दिला म्हणून यंत्राला हात लावला, असं होतं का?”

“तुम्ही स्वतः मिरची हाताळता?”

“मी?” ते हसले. “मला दमा आहे. दहा वर्षं झाली, या काचेच्या पलीकडे मी उभासुद्धा राहत नाही. अन् हे गुडघे बघा. बाथरूमला जायचं तर दोन माणसं लागतात.”

“इशारा आला की तुमचं किती नुकसान व्हायचं?”

“खरं सांगू? काहीच नाही. माल तर उन्हातच सुकतोय, बाई समोर असो नाहीतर नसो. खुडायचं काम दोन दिवस उशिरा झालं तर झालं.”

“आणि बायांना त्या चार तासांचं काय मिळायचं?”

“काय मिळणार? मजुरी वजनावर आहे. जितकं खुडलं तितकं. बंद तर बंद.” मग ते एकदम गंभीर झाले. “मॅडम, बाई माझ्या जागेवर मेली. मला झोप नाही. पण मी नियम मोडला नाही. तुमच्या नियमाप्रमाणेच चाललो.”

चेतनाने ते शब्दशः लिहून घेतलं.

मुकादम रेवजी बाहेर कडुनिंबाखाली उभा होता. रुंद खांद्यांचा, फाटकातून आडवं व्हावं लागेल असा माणूस. डोंगरातून मजूर आणायचं काम त्याचं. त्याच्या बोलीचं मराठी करताना तो प्रत्येक शब्द आधी तोलायचा.

“मोगीबाई पडली तेव्हा तू कुठे होतास?”

“काट्यापाशी. वजन करत होतो.”

“काय पाहिलंस?”

“ती माठाकडे निघाली. पाणी घ्यायला. दर अर्ध्या तासाला जायची. त्या दिवशी माठापर्यंत पोचली नाही.”

“दर अर्ध्या तासाला?”

“हां.” त्याने खाली पाहिलं. “लई तहान लागायची तिला.”

“माठ कुठे आहे?”

त्याने बोट दाखवलं. माठ पथारीच्या अगदी टोकाला होता. तिथून पुढे केंद्राची मागची जाळी.

“तिचा नवरा?”

“दिवाल्या गाडीवर हमाल आहे. मिरचीची पोती भरून सकाळी शहाद्याला जातो, दिवेलागणीला येतो. त्याला संध्याकाळीच कळलं.”

“हजेरीची वही आण.”

रेवजीने आधी बायांकडे पाहिलं. मग त्याने खिशातून गुंडाळलेली वही काढली.

चेतनाने सतरा तारीख काढली. तीन बाया गैरहजर. बावीस तारीख. दोन गैरहजर. दोन्ही पानांवर एकच नाव होतं. तिने त्यावर बोट ठेवलं.

“या दोन दिवशी ही कुठे गेली होती?”

“पोरीचा जातीचा दाखला काढायला. आश्रमशाळेत घालायची होती. दोनदा खेप पडली तालुक्याला.”

चेतनाने वही मिटली आणि जप्त करतेय म्हणून सांगितलं. जीपमध्ये बसल्यावर चालकाने विचारलं, “कुठे घेऊ मॅडम?” “ऑफिसला,” ती म्हणाली आणि वही पुन्हा त्याच पानावर उघडली.

सव्वीस आणि सत्तावीस, दोन्ही दिवस आकडा सरळ चढला, इशारा वेळेवर गेला. देवरे म्हणाले, “बघा. जो कोणी होता तो घाबरला.” चेतनाने हजेरीची वही ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

* * *

अठ्ठावीसला अकरा वाजता देवरेंच्या खोलीत सहा माणसं जमली. टेबलामागे देवरे. समोर पुखराजशेठ, लोटन आणि रेवजी. भिंतीलगतच्या खुर्चीच्या कडेवर दिवाल्या वसावे, जबाबासाठी बोलावलेला. सडपातळ माणूस, पोत्यांनी खांदे घासलेले. चेतना खिडकीशी उभी होती.

“सुरुवात करा,” देवरे म्हणाले.

“यंत्र बिघडलेलं नाही. त्याने एकही आकडा खोटा दाखवला नाही. त्याच्या भोवती तेवढंच तापमान होतं.”

“म्हणजे?”

“बारा वाजले की तापमान उतरायचं आणि त्याच मिनिटाला ओलावा वाढायचा. अकरा टक्क्यांचा अडतीस. पाऊस नसताना ओलावा एवढा वाढतो तो एकाच कारणानं. उपकरणापाशी पाणी होतं. कुणीतरी बशांना ओलं कापड गुंडाळायचं. माठाला गोणपाट गुंडाळतो तसं. या उन्हात ते अर्ध्या तासात वाळतं, म्हणून दर अर्ध्या तासाला पुन्हा भिजवायचं.”

तिने पाकिटातून हिरवं फडकं काढून टेबलावर ठेवलं. दिवाल्याची मान वर झाली. चेतनाने तिकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला पुढचं बोलता आलं नसतं, असंही तिला वाटलं नाही. ती फक्त बोलत राहिली.

“ही युक्ती कुणाला माहीत होती? दहा तारखेला लोटनदादांनी भरदुपारी बशा धुतल्या. फळ्यावरचा आकडा चार अंशांनी पडला. तो पथारीवरच्या सगळ्यांनी पाहिला. अकरापासून हे सुरू झालं.”

“लोटनलाही माहीतच होतं,” देवरे म्हणाले.

“लोटनदादांकडे चावी आहे. चावी असलेला माणूस कुंपणाखालून माती उकरून आत शिरत नाही. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. शिवाय त्या फटीतून माझे खांदे गेले नाहीत. त्यांचं पोट जाणार नाही.”

लोटनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मग शेठजी,” देवरे म्हणाले. “त्यांचा माणूस.”

“शेठजींना फळ्याचा त्रास होता, काम बंद राहण्याचा नव्हता. माल त्यांचा उन्हातच सुकतो. यासाठी माणूस पाठवायचं त्यांना कारण नाही. बशांवरची बोटं तिखटाने माखलेली होती. काम करता करता उठून आलेल्याची बोटं. रेवजीचा हात काट्यावर असतो, देठांवर नाही. आणि त्या फटीतून त्याचा एक खांदाही जाणार नाही.”

“म्हणजे मजुरांपैकी कुणीतरी.”

“हो. सतरा आणि बावीसला हे घडलं नाही. ज्या माणसाकडे हे काम होतं, तो माणूस त्या दोन दिवशी पथारीवर नव्हता. दोन्ही दिवशी गैरहजर असलेलं नाव एकच आहे.” तिने वही उघडून देवरेंसमोर सरकवली. “पंचवीसला कापड शेवटचं भिजलं एकच्या सुमाराला. दीडला ते पुन्हा भिजवायला हवं होतं. भिजवणारी माठाकडे निघाली आणि वाटेतच पडली. पावणेदोनपासून आकडा चढला. कापड वाळलं, वाऱ्याने निघून बाभळीत अडकलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे आकडे बरोबर आले, ते कुणी घाबरलं म्हणून नाही सर.”

देवरेंनी वहीतलं नाव वाचलं. मोठ्याने वाचलं नाही.

“स्वतःचं डोक्याचं फडकं,” चेतना म्हणाली. “दुसरं नव्हतं तिच्याकडे. तेरा दिवस बारा ते चार ते यंत्रावर असायचं. त्या वेळात ती उघड्या डोक्यानं खुडायची.”

पुखराजशेठनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला.

“रेवजी,” चेतना म्हणाली, “तुला माहीत होतं.”

“सगळ्यांना माहीत होतं,” रेवजी म्हणाला. त्याने या वेळी शब्द तोलले नाहीत. “पहिले तीन दिवस बाया चार तास त्या निंबाखाली बसल्या. चाळीस बाया, एक झाड. घरी जायचं तर डोंगर किती लांब. वजन निम्म्यावर आलं. मग मोगी म्हणाली, मी बारीक आहे, मी जाते. ती पाण्याला गेली की बाकीच्या तिच्या टोपल्यात एकेक मूठ टाकायच्या. तिचं वजन कमी भरू नये म्हणून.”

“आणि तू थांबवलं नाहीस?”

“नाही,” रेवजी म्हणाला.

दिवाल्या भिंतीकडे तोंड करून बोलला. “मला सांगत होती रात्री. यंत्राला गार वाटत असेल, म्हणायची. हसायची.”

देवरेंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “सरकारी यंत्रात छेडछाड. करणारी मयत. हे असं लिहिलं तर या माणसाची मदतीची फाइल अडेल. नाही लिहिलं तर ते खोटं होईल. काय लिहू सांगा.”

“मी लिहिलंय,” चेतना म्हणाली. तिने तीन कागद पुढे केले. “सगळं आहे तसं. नावासकट. सव्वादोनला त्याच केंद्रावर चव्वेचाळीस पॉइंट तीनची नोंद आहे आणि डॉक्टरांचा दाखला आहे. मृत्यू उष्माघाताचाच आहे, मदत त्यावर मिळते. आणि तिसऱ्या पानावर कारण आहे.”

देवरेंनी तिसरं पान वाचलं. भुवया वर गेल्या.

“हे कुणी विचारलं नव्हतं तुम्हाला.”

“नाही. म्हणूनच सांगते.” तिचा आवाज आकडे वाचताना असायचा तसाच होता. “आराखड्यासाठी जानेवारीत मी पथाऱ्यांवर बैठका घेतल्या. एका बैठकीत एक बाई उठून म्हणाली, चार तास काम बंद, तर बसायचं कुठे आणि त्या वजनाचं काय? मी ते टिपून घेतलं होतं. नंतर आराखड्याचा नमुना भरताना त्याला रकाना नव्हता. मी ते सोडून दिलं. तुमच्यापर्यंत आलंच नाही. नियमाचं वाक्य माझं आहे सर. किती अंशांना काम बंद करायचं, हे मी ठरवलं. बंद झाल्यावर काय, ते कुणी ठरवलंच नाही.”

“ती बाई कोण होती?”

“मला आठवत नाही. तोंड बांधलेलं होतं.”

पुखराजशेठ खाकरले. “सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवता येईल,” ते अवघडून म्हणाले. “माझं गोदाम रिकामं आहे. दुपारी बसू द्या तिथे. संध्याकाळी पुन्हा… हे आधी कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं.”

“मजुरीचं?” चेतनाने विचारलं.

पुखराजशेठनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “बंद वेळेची अर्धी देईन. बाकीच्या पथारीवाल्यांचं मी सांगू शकत नाही.”

“ते नियमात आणावं लागेल,” देवरे म्हणाले. त्यांनी टिपण करून घेतलं. ते वरपर्यंत किती टिकेल, हे त्या खोलीत कुणालाच सांगता आलं नसतं. नंतर, जूनमध्ये, आराखड्यात दुरुस्ती झाली. गोदामाची अट त्यात आली. मजुरीची बाब ‘विचाराधीन’ राहिली. पण तेव्हा ते सगळं पुढचं होतं.

“लोटन महाजन,” देवरे म्हणाले, “आजपासून कामावर या.”

लोटन उठला, हात जोडले. दारापर्यंत गेला आणि मग परत येऊन दिवाल्याच्या शेजारी उभा राहिला.

आता दिवाल्याचा जबाब राहिला होता, अहवाल वाचून ऐकला एवढाच. शिपायाने शाईचा पॅड आणून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. चेतनाने तीनही पानं दिवाल्याला मोठ्याने वाचून दाखवली. बायकोचं नाव आलं तिथे ती थांबली नाही. तिचं स्वतःचं नाव आलं तिथेही नाही.

“यात चोर लिहिलंय का तिला?” दिवाल्याने विचारलं.

“नाही.”

“मग ठीक.”

शिपायाने त्याचा अंगठा धरायला हात पुढे केला. दिवाल्याने हात मागे घेतला.

“अंगठा नको,” तो म्हणाला. “ती चौथी शिकलेली होती. पावसाळ्यात तिनं मला नाव शिकवलं. कुठंही अंगठा द्यायचा नाही, असं सांगितलं होतं तिनं मला.”

देवरेंनी स्वतःचं पेन दिलं. दिवाल्या कागदावर वाकला. ‘दि’ची वेलांटी काढून तो थांबला, पुढचं अक्षर आठवत राहिला. कुणी त्याला सांगितलं नाही. चेतना त्या कागदाकडे बघत उभी राहिली. तिला दिसलं, कागदावर पेन टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत चाललाय, आणि मग एकाएकी तिला श्वास घेता येईना. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

दिवाल्याने ‘वा’ काढला.